म्हैस का तापते

७ जानेवारी, मंगळवार

आज म्हैस तापली. जाताना तापली, येताना तापली, वर पोचून बंद करून ठेवली तेवढा वेळ थंड होती, त्याबद्दल तिचे आभार.

म्हैस म्हणजे आमच्या विभागाची स्नोमोबाइल. काळी, बोजड, जुनी. दोन माणसं बसतात आणि मागे सामानाची घसरगाडी ओढते. नाव शंतनूनं ठेवलं. ह्या प्रकल्पात मन लावून केलेलं त्याचं हे एकच काम. दर मंगळवारी तिच्यावर बसून डोंगरावरच्या आमच्या जागेवर जायचं, बर्फात खड्डा खणायचा, एकेका थराचं वजन आणि तापमान मोजायचं आणि उजेड आहे तोवर खाली यायचं. आयडाहोतल्या ह्या डोंगरावर हिवाळ्यात किती पाणी साठतं, ह्यावर माझी पीएचडी उभी आहे. हा तिसरा आणि शेवटचा हिवाळा. गाईडबाईंनी सप्टेंबरातच बजावलंय, एखादा मंगळवार चुकला तर मागच्यापुढच्या आकड्यांवरून भरून काढता येईल, लागोपाठ दोन चुकले तर अख्खा हिवाळा बाद. बाद म्हणजे आणखी एक वर्ष इथेच. मला मे महिन्यात पदवी घेऊन घरी जायचंय. पुण्याच्या संस्थेनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, ती काही जन्मभर धरून ठेवणार नाही.

शंतनू डिसेंबरात पदवी घेऊन व्हर्जिनियाला, हर्नडनला नोकरीला गेला. गेले दोन हिवाळे तो चालवायचा आणि मी मागे बसायचे. आज पहिल्यांदा मी चालवली. मागे ट्रेव्हर होता. तो विभागाचा तंत्रज्ञ, इथलाच, चालायला लागायच्या आधी स्की घातलेला. पुलाच्या पुढे तापमानाचा लाल दिवा लागला तेव्हा तो नुसता 'हं' म्हणाला. दिवा पुन्हा लागला तेव्हाही 'हं'. मला असली माणसं आवडत नाहीत. संकट आलं की माणसानं बोलावं.

मोजमाप झालं. पण घाईत झालं, आणि उतरताना जवळजवळ अंधार होता. इतकी वर्षं एकदाही न तापलेली गाडी माझ्या हातात आल्या दिवशी तापते, ह्याचा मला मनापासून संताप आला आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर वर्कशॉपमध्ये. कूलंट भरपूर आहे. पंप ठीक. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघितला, शहाण्या मुलासारखा उघडतो. कुठेही गळती नाही. कशातच काही दोष नाही हे कळलं की जो राग येतो तो वेगळाच.

ह्या गाडीला मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. सीटखाली, फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या डोक्यावर, ॲल्युमिनियमचे पोकळ कूलर असतात. त्यांतून कूलंट फिरतं. पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो कूलरवर आपटतो, वितळतो, आणि उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या मुलीला कूलर समजावून सांगायला नको. वाळ्याच्या ताट्या ओल्या नसतील तर आत येते ती नुसती झळ. इथे पाण्याच्या जागी बर्फ, एवढंच. आमचा रस्ता यंत्रानं दाबून सिमेंटसारखा केलेला आहे, त्यावरून सुटा बर्फ उडत नाही, म्हणून तापते. इथवर ठीक.

पण मग गेल्या वर्षी का नाही तापली? रस्ता तोच, म्हैस तीच, मी तीच. उलट तेव्हा तापायला हवी होती, कारण उभ्या गाडीत बर्फ उडतच नाही, आणि शंतनूचं चालवणं म्हणजे गावजेवणाला निघाल्यासारखं. पुलापाशी थांब, जळक्या झाडाच्या वळणावर थांब, शेवटच्या चढाआधी थांब. रस्त्यात उभं राहिलं तर दुसऱ्यांना अडचण होईल म्हणून गाडी झाडांखालच्या भुसभुशीत बर्फात घालायची, 'म्हशीला जरा डुंबू दे' म्हणायचं आणि मागे बसवलेल्या लाकडी पेटीतून थर्मास काढायचा. चहा! शून्याखालच्या थंडीत, काम पडलेलं असताना, चहा! मी घटाघटा पिऊन टाकायचे आणि हा पेला हातात धरून झाडं बघत उभा. नाहीतर लाकडी उलथनं घेऊन दोन्ही बाजूंना पाय ठेवायला असलेल्या, पायाखालच्या पट्ट्यांवरचा बर्फ खरवडत बसायचा, थालीपीठ सोडवल्यासारखा. अरे, दिवस मावळेल, म्हटलं की म्हणायचा, "अगं, बर्फ कुठे पळून चाललाय?" दोन वर्षं मी दात ओठ खाऊन काढली. आता निदान ते तरी नाही.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "म्हैस कशी आहे?" मी लिहिलं, "तापलीय." त्यानं विचारलं, "आणि तू?" मी लिहिलं, "मी पण."

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. हर्नडनहून पार्सल आलं. शंतनूनं स्वतः केलेले तिळाचे लाडू आणि चहाचा मसाला. लाडू दगड. गोड बोलायला तोंड उघडावं लागतं, हे लाडू खाल्ल्यावर ते उघडतच नाही.

म्हैस परत तापली. पुलाच्या पुढे, वळणावर आणि चढावर. प्रत्येक वेळी भर रस्त्यात इंजिन बंद करून, झाकण उघडून उभे राहिलो. ट्रेव्हरनं हातानं बर्फ उचलून कूलरवर फेकला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पीएचडीची तीन, आणि मी रस्त्यात उभी राहून गाडीवर बर्फ शिंपडते आहे. आईनं फोनवर विचारलं, "तिळगूळ खाल्ला का बाई?" म्हटलं, खाल्ला. "मग अशी तणतण काहून करतेस?" मी आणखी एक लाडू तोंडात टाकला.

१९ जानेवारी, रविवार

ट्रेव्हरच्या सांगण्यावरून स्क्रॅचर बसवले. दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या तारा, टोकं रस्त्यावर घासत जातात, बर्फाचा भुगा उडवतात आणि तो कूलरवर जातो. साधी, सरळ, शहाणी कल्पना. मला खात्री आहे की मंगळवारी हा विषय संपेल.

२१ जानेवारी, मंगळवार

विषय संपला नाही, त्याला पिल्लू झालं.

दिवा लागायला आज बराच उशीर झाला, ते खरं. पण तारांनी उडवलेला भुगा सगळीकडे जाऊन बसतो. गरम भागावर पडून वितळतो, पाणी खाली पायाखालच्या पट्ट्यांवर येतं आणि तिथे गोठतं. वर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना काचेसारखा थर. मागे चिखल फेकावा तसा बर्फ साठून घसरगाडीचा आकडासुद्धा दिसेना. खड्डा खणून, मोजून परत आलो तर पट्टाच गोठलेला. गाडी जागची हलेना. ट्रेव्हर आणि मी तिला दोन्ही बाजूंनी ढकलत, लाथा मारत होतो. म्हशीला मारताना कोणी पाहिलं असतं तर तक्रार झाली असती.

थंड ठेवायचं तर बर्फ हवा. बर्फ घेतला की तो चिकटतो. चिकटू नये म्हणून बर्फ थांबवला की तापते. मी आज येताना मोठ्यानं रडले असते, पण हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

पायाखालच्या पट्ट्यांना भोकं पाडली, पाणी आणि बर्फ खाली गळून जावा म्हणून. त्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारला. आईला विचारलं होतं, चिकटू नये म्हणून काय करतेस? ती म्हणाली, तवा चांगला तापव आणि तेलाचा हात फिरव. तवा चांगला तापलेलाच आहे, हीच तर अडचण.

२८ जानेवारी, मंगळवार

आज अर्ध्यातून परत आलो.

तेल पुलापर्यंत टिकलं. भोकं वळणापर्यंत टिकली, मग बुजली. वरून नवा बर्फ पडत होता, दिवा लागला तो विझेना, आणि वाफेचा वास यायला लागला. ट्रेव्हर म्हणाला, आता पुढे नेलीस तर इंजिन जाईल. मी तरी जाणार होते. त्यानं हात पुढे करून किल्ली काढली.

एक मंगळवार चुकला. तीन वर्षांत पहिला.

आज फार वाईट वाटतंय म्हणून लिहिते, नाहीतर हे लिहिण्यासारखं नाही. त्या वळणावर किल्लीवाचून उभी असताना डिसेंबरातली शेवटची फेरी आठवली. तिथेच जळक्या झाडापाशी शंतनूनं विचारलं होतं, "हर्नडनचं घेऊ ना मग?" मी म्हटलं, "घे की. मला काय विचारतोस? चल, उशीर होतोय." त्या दिवशी त्यानं पुढे कुठेच गाडी थांबवली नाही. शहाण्यासारखा सरळ वर घेऊन गेला, आणि शेवटच्या चढावर दिवा लागल्यासारखा वाटला होता. मी तेव्हा म्हटलं, ऊन पडलं असेल काचेवर.

संध्याकाळी त्याचा मेसेज, दर मंगळवारचा, "म्हैस कशी आहे?" ह्या माणसाला त्या नोकरीत काही काम देतात की नाही कोण जाणे. मी उत्तर दिलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आता अर्धवट उपाय पुरे. भंगारातल्या एका गाडीचा रेडिएटर मिळवला, मागे पंखा लावला, पाइप ओढून घेतले. कूलरला बर्फ मिळो न मिळो, हवा तर मिळेल. पुढे लावला तर बर्फानं बुजेल म्हणून मागे उंचावर, सीटच्या पाठीमागे. तिथे शंतनूची ती लाकडी पेटी होती. काढून टाकली. पक्की बसवली होती पठ्ठ्यानं, दोन स्क्रू तर कापावेच लागले.

आत थर्मास, उलथनं आणि स्टीलचे दोन पेले. एकाच्या आत चहाचा तपकिरी थर चढलाय. दुसरा कोरा करकरीत, बुडाला दुकानाचं लेबलसुद्धा तसंच. आधीचा हरवला असेल आणि नवा आणला असेल. कोऱ्या पेल्यात बोल्ट आणि वॉशर ठेवले, बरा पडला. बाकीचं पिशवीत भरून घरी आणलं.

त्याचं कॉफीचं यंत्रही तो जाताना मला देऊ करत होता. म्हटलं, मी चहावाली, मला काय करायचंय? ते आता ट्रेव्हर वापरतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोजमाप झालं. बाकी सगळं बिघडलं.

रेडिएटरनं वळणापर्यंत छान काम केलं. मी इतकी खूश की गाणं म्हणत होते. मग पट्ट्यानं उडवलेला बारीक भुगा पंख्यानं ओढून घेतला आणि जाळीवर बर्फाचं घोंगडं बसलं. शेवटच्या चढाखाली गाडी सोडून आम्ही बर्फात चालायचे बूट घातले आणि सामान पाठीवर घेऊन वर गेलो. खड्डा खणला. आकडे घेतले. खाली येऊन ट्रेव्हर गाडीवर चढायला गेला आणि पायाखालच्या पट्टीवरच्या बर्फावरून त्याचा पाय सटकला. घोटा मुरगळला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता 'हं' म्हणाला. मला आयुष्यात कुठल्याही शब्दाची एवढी लाज वाटली नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गाईडबाईंनी बोलावलं. शांतपणे बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं. ट्रेव्हर तीन आठवडे येणार नाही. एकटीनं जायचं नाही, हा नियम आहे आणि तो मोडायचा नाही. पायाखाली बर्फ साठणारी गाडी त्या आता माझ्या हाती देणार नव्हत्या. मी स्क्रॅचर काढते, रेडिएटरला मोठी जाळी लावते, पायाखाली खरखरीत पत्रा ठोकते, असं सगळं कबूल केलं तेव्हा तयार झाल्या. सोबतीचा माणूस मात्र मलाच शोधायचा आहे. परीक्षेच्या दिवसांत मंगळवारचा पूर्ण दिवस कोण देणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोणीच नाही दिला. गाडी तयार, मी तयार, आभाळ निरभ्र. दिवसभर खिडकीतून डोंगराकडे बघत बसले.

पुढचा मंगळवार चुकला की संपलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुचित्राकाकूंकडे जेवायला गेले होते. ह्या गावात मराठी घर हे एकच. काका गणित शिकवतात, काकू युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्या. शंतनू इथे पडीकच असायचा. मी कधीमधी. वरणभातावर मी माझं रडगाणं गायले तर काकू वाढता वाढता म्हणाल्या, "मग मी येते की."

मला वाटलं थट्टा करताहेत. "काकू, थंडी असते. दोन-अडीच तास बसायचं असतं."

"अगं, पंचवीस वर्षं ह्याच गावात बर्फ उपसतेय मी, दिवाणखान्यात बसून नाही काढली! फक्त माझे गुडघे धरतात, मधेमधे उतरावं लागेल. आणि चहा लागेल. तेवढं बघ."

काका म्हणाले, "शी इज सिरियस." गाईडबाईंनीही स्वयंसेवक म्हणून चालेल म्हटलं. माझ्या पीएचडीची सगळी मदार आता काकूंच्या गुडघ्यांवर आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! मोजमाप झालं, वेळेत झालं, आणि दिवा एकदाही लागला नाही! एकदाही नाही!

सकाळी थर्मास काकूंच्या हातात दिला तर त्यांना पिशवीत ते उलथनं सापडलं. "हे माझं आहे! दोन वर्षं घर पालथं घातलं मी ह्याच्यासाठी. तरीच तो मेला विचारत होता, काकू, लाकडी उलथनं कुठलं बरं." ते त्यांनी दिवसभर हातातून सोडलं नाही.

काकूंना घेऊन जाणं सोपं नाही. पुलाच्या पुढे गुडघे धरले. थांबलो. रस्त्यात उतरायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून गाडी बाजूच्या भुसभुशीत बर्फात घातली. जळक्या झाडापाशी नागपूर, पुणे आणि सांगलीच्या नातेवाइकांसाठी फोटो काढले. चढाआधी चहा. आणि थांबलं की ह्या बाईंना स्वस्थ बसवत नाही, उलथनं घेऊन पायाखालचा बर्फ खरवडायला लागतात. "काकू, राहू दे, मी त्यासाठी खास पत्रा बसवलाय." तर म्हणतात, "असू दे गं, घाण बघवत नाही मला."

वेळ गेला. पण रेडिएटरला मोठी जाळी लावायची माझी कल्पना अखेर बरोबर ठरली. सहा आठवड्यांच्या कष्टाचं चीज झालं. शंतनूला आपणहून मेसेज केला, "म्हैस बरी झाली. डिझाइन सुधारलं." त्यानं टाळ्या पाठवल्या आणि विचारलं, "सोबत कोण होतं?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मी गाढव आहे.

दुपारनंतर वादळ येणार होतं म्हणून काकूंना आधीच सांगितलं, आज फोटो नाहीत, चहा नाही, सरळ वर. त्या बिचाऱ्या मुकाट बसल्या. तोच रेडिएटर, तीच मोठी जाळी, तोच पत्रा. आणि वळणाच्या अलीकडे दिवा. जाळीवर घोंगडं. पायाखाली काच.

मी गाडीवर बसूनच ओरडत होते, कोणावर ते माहीत नाही. काकूंनी ओरडणं संपू दिलं आणि म्हणाल्या, "बाजूला घे बघू. मागून कोणी येईल." मी गाडी झाडांखालच्या मऊ बर्फात घातली. घालताना पट्ट्याखाली तो बर्फ भसकन आत शिरला, सीटखालून चर्र आवाज आला, आणि काकू थर्मासचं झाकण उघडेपर्यंत दिवा विझला होता.

मी तशीच बसून राहिले. गाडी परत रस्त्यावर घेतली, थोडी चालवली, दिवा लागायच्या आधीच पुन्हा मऊ बर्फात. मग पुन्हा. काकू प्रत्येक वेळी उलथनं चालवत होत्या. असंच डुंबत डुंबत वर पोचलो, मोजलं आणि वादळाच्या तोंडातून खाली आलो.

गाडीत कधी काही बिघडलेलंच नव्हतं. दर तीन-चार मैलांवर बर्फात घालायची, थोडी थांबू द्यायची, चिकटलेला बर्फ गोठायच्या आत खरवडायचा. एवढंच. दोन हिवाळे माझ्या नाकासमोर कोणीतरी हेच करत होतं आणि मी घड्याळ बघत होते.

पण मग त्यानं मला सांगितलं का नाही? एवढं साधं तत्त्व माहीत असून माझे सहा आठवडे, ट्रेव्हरचा घोटा, सगळं वाया जाऊ दिलं! दर मंगळवारी चौकशी करतो आणि उपाय सांगत नाही! उद्या फोन करून चांगली खरडपट्टी काढते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

केला फोन. जसा झाला तसा लिहून ठेवते.

मी म्हटलं, "तू त्या तीन ठिकाणी मुद्दाम थांबायचास. कूलिंगसाठी. हो ना?"

"कसलं कूलिंग?"

"गाडीचं! बर्फात घालून, थांबून. 'डुंबू दे' म्हणायचास!"

"अगं, म्हैस नाव होतं म्हणून म्हणायचो. मला काय कळतंय त्यातलं? मेकॅनिकल तू."

"आणि उलथन्यानं बर्फ काढायचास तो?"

"हाताला काहीतरी चाळा." आणि पुढे, "तू बोलायची नाहीस ना फारसं."

"मग थांबायचास कशाला तीन-तीनदा?"

मागे त्याच्या ऑफिसातला आवाज येत होता. मग म्हणाला, "चहा प्यायला."

"चहा प्यायला!" मी म्हटलं. "माझी पीएचडी तुझ्या चहावर चालली होती तर!"

"हो," म्हणाला, "तसंच म्हण." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

हा माणूस कधी शास्त्रीय उत्तर देणार नाही. मला वाटलं होतं खरडपट्टी काढल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही.

२ मार्च, रविवार

रेडिएटर काढून टाकला. पाइप काढले, भोकं बुजवली, खरखरीत पत्रा तेवढा राहू दिला. पेटी परत जागेवर बसवली, नवे स्क्रू घालून. मग उलथनं परत करायला काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, राहू दे म्हशीलाच, मी नवं घेतलं.

चहा टाकताना मी त्यांना फोनची गोष्ट सांगितली, हसण्यावारी नेत. तीन ठिकाणी का थांबायचास म्हटलं तर म्हणतो, चहा प्यायला! काकू हसल्या नाहीत. गाळणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोण, शंतनू? तो कुठे चहा पितो?"

"म्हणजे?"

"अगं, तीन वर्षं येत होता ह्या घरी. चहा घेतला तर पोटात जळजळतं त्याच्या. त्याच्यासाठी कॉफीचा डबा आणून ठेवावा लागला मला. तुला माहीत नाही? तुम्ही तर आठवड्यातून एक अख्खा दिवस बरोबर असायचात."

काका टेबलापाशी पेपर तपासत होते. त्यांनी चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मी माझा चहा प्यायले. काय बोलले ते आठवत नाही. घरी यायच्या ऐवजी वर्कशॉपमध्ये गेले. पेला तिथे फळीवर होता, त्यात अजून वॉशर होते. ओतून काढले आणि उलटा करून बघितला. लेबल तसंच होतं, कोपरासुद्धा सुटलेला नाही. चहाचा एक थेंब त्यात कधी पडला नव्हता, म्हणून तो कधी धुवावाही लागला नव्हता.

दोन हिवाळे हा माणूस रिकामा पेला हातात धरून त्या थंडीत माझ्यासमोर उभा होता, आणि मी बर्फाची खोली मोजत होते.

त्या डिसेंबरातल्या मंगळवारी त्यानं मला विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, उशीर होतोय.

४ मार्च, मंगळवार

काकूंना घेऊन वर जाऊन आले. पुलापाशी थांबले, जळक्या झाडापाशी थांबले, चढाआधी थांबले. म्हैस तापली नाही. आकडे चांगले आले, वेळेत खाली आलो.

संध्याकाळी मेसेजची वाट बघितली. आला नाही. फोनवर बोलल्यापासून काहीच आलेलं नाही. आठ वाजता मीच फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"काय झालं? परत तापली?"

"नाही."

"मग?"

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, दुपारभर हेल्मेटच्या आत पाठ केलं होतं. ते सगळं बाजूला ठेवलं.

"शंतनू," मी विचारलं, "तू कॉफीत साखर घालतोस का?"